बाण सरळ कसा होतो?



आपल्यापैकी अनेकांच्या घरी दीक्षा अजून नवी आहे. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागून फार दिवस झालेले नाहीत. बावीस प्रतिज्ञांचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे. पौर्णिमेला वंदना होते आणि एखाद्या पाली शब्दाशी जीभ अजून अडखळते. आमच्या घराने या वाटेवर पाऊल टाकले त्याला यंदा अकरा वर्षे होत आहेत. या काळात माझ्या हातून घडलेली एक चूक आज तुमच्यापुढे मांडायची आहे. पण ती नीट समजावी म्हणून आधी बाण सरळ कसा करतात ते पाहावे लागेल. विषय विचित्र वाटेल; परंतु तो माझ्या पदरचा नाही, धम्मपदानेच तो आपल्यापुढे ठेवला आहे.

धम्मपदातील चित्तवग्गाची पहिलीच गाथा, म्हणजे एकूण क्रमाने 33वी, चंचल चित्ताविषयी आहे. चित्ताला वळण लावणाऱ्या शहाण्या माणसाला तेथे बाण करणाऱ्या कारागिराची उपमा दिली आहे. हाच कारागीर पुढे पण्डितवग्गात (80) आणि दण्डवग्गात (145) पुन्हा भेटतो. तेथे त्याच्या सोबतीला पाटाने पाणी नेणारा माणूस आहे आणि लाकूड घडविणारा सुतार आहे. पालीत बाण करणाऱ्याला 'उसुकार' म्हणतात आणि बाणाच्या काडीला 'तेजन'.

यामागची कथा अट्ठकथेत आहे. पण्डित नावाचा सात वर्षांचा श्रामणेर सारिपुत्तांच्या मागून भिक्षेला निघाला होता. वाटेत त्याला पाट काढून पाणी नेणारे लोक दिसले. पुढे काही माणसे बाणाच्या काड्या विस्तवावर तापवून, एक डोळा मिटून पाहत सरळ करताना दिसली. त्याहून पुढे लाकडातून चाके घडविणारे दिसले. प्रत्येक ठिकाणी तो थांबला आणि त्याने थेरांना विचारले, या वस्तूंना मन असते काय? नसते, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्या मुलाच्या मनात आले की, ज्यांना मन नाही त्यांना माणूस हवे तसे वळवू शकतो, तर ज्याला मन आहे त्याला स्वतःचे मन का वळवता येऊ नये? तो तेथूनच मागे फिरला आणि साधनेला बसला.

या कथेत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या मुलाला मार्ग दाखविला तो हाताने काम करणाऱ्या तिघांनी. तेथे राजा नाही, यज्ञ करणारा पुरोहित नाही. माझे वडील बुरूड. अष्टमीत, रोह्याच्या पलीकडे कुंडलिकेच्या काठावर, त्यांनी जन्मभर टोपल्या, सुपे आणि कणग्या विणल्या. पदवी घेणारा आमच्या घरातला पहिला माणूस मी. विद्यापीठात शिकताना वडिलांच्या धंद्याचे नाव सांगायला मी लाजत असे. धम्मपद वाचले तेव्हा कळले की, हातांनी बांबू-लाकूड वळविणाऱ्या माणसाला पण्डिताच्या शेजारी बसविणारा हा धम्म आहे.

33व्या गाथेची अट्ठकथा तर कारागिराची सगळी कृतीच सांगते. रानातून एक काठी आणायची. तिची साल काढायची. तिला कांजी आणि तेल चोळायचे. निखाऱ्यांच्या खापरावर ती शेकायची. मग लाकडाच्या खाचेत दाबून तिचा बाक काढायचा आणि केसाचा वेध घेईल इतकी ती सरळ करायची. मी हे अनेकदा वाचले होते. पण डोळ्यांनी पाहिले नव्हते.

ते पाहायला मिळाले आमच्याच शाळेत. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही परिसरातील कारागिरांना बोलावतो. एकदा जवळच्या आदिवासीवाडीवरून एक वृद्ध कातकरी आजोबा आपला तिरकामठा घेऊन आले. खैराच्या लाकडापासून कात काढणाऱ्या या समाजाची आपल्या रायगड जिल्ह्यात मोठी वस्ती आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आली. तेव्हापासून आजोबांचा कामठा आढ्याला खोचलेलाच असतो. पण हाताला कला विसरलेली नव्हती.

त्यांनी बारीक बांबूची एक काडी घेतली. मुलांना ती सरळच दिसत होती. आजोबांनी उजेडाकडे तोंड केले, एक डोळा मिटला आणि काडी दुसऱ्या डोळ्याला लावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिले. बोटांत ती हळूहळू फिरविली. तीन ठिकाणी बाक निघाला, तिन्ही ठिकाणी पेरावर. बांबू बहुधा पेरावरच वाकतो. जेथे बाक दिसला तेथे त्यांनी नखाने खूण केली आणि तेवढीच जागा निखाऱ्यांवर धरली. एका मुलाने फुंकर घालून जाळ केला तेव्हा त्यांनी काडी झटकन मागे घेतली. जाळावर बांबू वरून करपतो आणि आतून थंडच राहतो, हे त्यांनी त्याला सांगितले. जागा पुरेशी ऊन झाल्यावर ती गुडघ्याला टेकवून त्यांनी उलट बाजूला किंचित अधिक वाकविली, कारण हात सोडला की ती थोडी मागे येणारच. आणि ती निवेपर्यंत तशीच धरून ठेवली. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो या धरून ठेवण्यात. मुले कंटाळली, चुळबुळू लागली. आजोबा मात्र हलले नाहीत. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी मुलांना कारण सांगितले. बांबूच्या तंतूंना जोडून ठेवणारे लिग्निन उष्णतेने मऊ होते आणि निवल्यावर नव्या आकारात घट्ट बसते. निवण्याआधी सोडले तर सगळे श्रम फुकट.

काडी तयार झाली. मग तो बाण सोडल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडली. ती मी पुढे सांगणार आहे. त्याआधी या एवढ्या कृतीतून आपल्याला काय मिळते ते पाहू.

पहिली गोष्ट ही की, काडीचा बाक काडीचा गुन्हा नाही. ती वाढली तेव्हा वारा, सावली, शेजारची झाडे यांनी तिला तसे वाढविले. आजोबांनी काडीला विचारले नाही की, मागच्या जन्मी तू काय पाप केलेस. ही थट्टा नाही, वाचकहो. आपल्या पूर्वजांना हजारो वर्षे नेमके हेच सांगितले गेले. तुमचा जन्म नीच, कारण तुमचे पूर्वकर्म नीच. म्हणून तुमचा बाक कधी निघणार नाही, या जन्मी निमूट सोसा. मज्झिम निकायात 101 क्रमांकाचे देवदह सुत्त आहे. शाक्यांच्या देवदह नगरात सांगितलेल्या या सुत्तात तथागतांनी पूर्वकर्माचीच परीक्षा केली आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्माने होते असे मानणाऱ्या निगण्ठांना त्यांनी विचारले की, तुम्ही पूर्वी होता की नव्हता हे तुम्हाला माहीत आहे काय? कोणते कर्म केले ते माहीत आहे काय? किती दुःख झिजले आणि किती उरले हे तरी माहीत आहे काय? उत्तर नाही असे आले. आणि याच सुत्तात पुढे माणसाच्या प्रयत्नाला फळ कसे येते हे सांगताना दृष्टान्त कोणाचा दिला आहे? उसुकाराचा! तो वाकडी काडी दोन कोलितांमध्ये तापवून सरळ करतो. आपल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (1957) या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा प्रश्न इतक्या आग्रहाने का उचलला, हे येथे लक्षात येते. बाक निघू शकतो, या विश्वासावरच आपली दीक्षा उभी आहे.

दुसरी गोष्ट त्याच दृष्टान्तात आहे आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. काडी सरळ झाल्यावर उसुकार ती पुन्हा तापवीत बसत नाही. ज्या कामासाठी तापवायची ते काम झाले. तथागतांना येथे सांगायचे आहे की, कष्ट हे साधन आहे. कष्टालाच पुण्य समजणे ही चूक आहे. ताप हवा, पण नेमक्या जागी हवा, मापात हवा आणि काम झाले की थांबायला हवा.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या दीक्षेला एक वर्ष झाले होते. मी उत्साहाने भारलेला होतो. घरातला देव्हारा आम्ही सर्वांनी मिळून काढला होता. कोणाच्या घरी अजून काय लपविले आहे, याच्या चौकश्या मी करीत असे आणि वस्तीतल्या बैठकीत ते बोलूनही दाखवीत असे. लोक मला कडवा म्हणत. मला ती पदवी वाटे. एका पौर्णिमेला घरी पाहुणे जमले होते. भात करायचा म्हणून मी कणगीतून तांदूळ काढायला हात घातला आणि हाताला फडक्याची पुरचुंडी लागली. आत चांदीचा छोटा टाक होता. आईने ठेवला होता.

मी तो सगळ्यांसमोर वर धरला. बावीस प्रतिज्ञा घेणारी बाई तांदळात देवी लपवते, असे मोठ्याने म्हणालो. आई चुलीपाशी उभी होती. ती काही बोलली नाही. मी तसाच पुलावर गेलो आणि टाक कुंडलिकेत फेकून दिला. परत आलो तेव्हा आपण फार मोठे काम केले असे मला वाटत होते. वडील ओट्यावर कामट्या सोलत बसले होते. वर न पाहता ते एवढेच म्हणाले, "बांबू थंडपणी वाकवलास तर चीर जाते रे."

त्यानंतर आई विहारात येत राहिली. पण ती शेवटच्या रांगेत बसे आणि वंदनेला तिचे ओठ हलत नसत. दोन वर्षे असे चालले. मी समजत होतो की, तिचे अज्ञान अजून गेलेले नाही.

आजोबांनी काडी डोळ्याला लावली त्या दिवशी मला प्रथमच लाज वाटली. मी आईला कधी टोकाकडून पाहिलेच नव्हते. बाजूने पाहिले आणि वाकडी ठरविले. त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो आणि विचारले, तो टाक कोणाचा होता? बराच वेळ ती गप्प राहिली. मग तिने सांगितले. माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती. ती पाच महिन्यांची होऊन गेली. तेव्हा आजीने तो टाक तिच्या हातात ठेवला होता. त्या मुलीचा फोटो नव्हता, कपडा उरला नव्हता, कागदावर कुठे नाव नव्हते. ती या जगात होती याची खूण म्हणून आईजवळ तेवढीच एक वस्तू होती. देवीवरचा विश्वास तर तिचा दीक्षेच्याही आधी उडाला होता, असे ती म्हणाली. ज्या दिवशी मूल गेले त्या दिवशीच.

वाचकहो, मला बहीण होती हे मला वयाच्या तिशीत कळले. बाक होता तो श्रद्धेत नव्हताच. तो दुःखात होता. आणि मी भलत्याच जागी जाळ लावला होता.

येथे कोणी म्हणेल की, गुरुजी, तुम्ही आता देव्हाऱ्यांना सवलत देऊ लागलात. तसे मुळीच नाही. बावीस प्रतिज्ञांतली एकही प्रतिज्ञा सैल करा असे मी म्हणत नाही. नेम तोच आहे. प्रश्न नेमाचा नाही, बाण घडविण्याचा आहे. बाबासाहेबांकडेच पाहा ना. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. जेथे बाक होता तेथेच त्यांनी उष्णता दिली. येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 रोजी त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि नागपूरला दीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी. मध्ये एकवीस वर्षे गेली. त्या काळात त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, समाजाचे मन तयार केले, घेतलेला निर्णय पक्का धरून ठेवला. ज्या महापुरुषाने सगळ्या समाजाच्या मनाला निवून घट्ट व्हायला एकवीस वर्षे दिली, त्याचा अनुयायी म्हणविणाऱ्या मी माझ्या आईला एक वर्षही पुरते दिले नव्हते.

आता तो बाण सोडल्यावर काय झाले ते सांगतो. आजोबांनी काडीला खाच पाडली, पिसे बांधली. पिसेही त्यांनी निवडून, एकाच पंखाची घेतली. डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा वळसा उलटा असतो. दोन्ही मिसळली तर बाण हवेत स्थिर फिरत नाही. मग आवारातल्या पेंढ्याच्या गंजीवर त्यांनी बाण सोडला. काडी सरळ, हात स्थिर. तरी बाण शेपूट हलवीत डावीकडे गेला. दुसऱ्यांदाही डावीकडेच. मुले हसू लागली. आजोबांनी बाण पुन्हा डोळ्याला लावला. मग दोन्ही टोके धरून मध्ये हलका दाब दिला आणि म्हणाले, "बाण वाकडा न्हाय, गुरुजी. ह्या कामठ्याचा न्हाय." त्यांनी सोबत आणलेला दुसरा, जास्त ताणाचा कामठा चढविला. तोच बाण गंजीच्या मध्यावर जाऊन रुतला.

मला हे कोडे सुटेना. घरी येऊन पुस्तके पाहिली तेव्हा उलगडा झाला. दोरी बाणाला मागून ढकलते. पण समोर धनुष्याचा दांडा आडवा असतो. तेव्हा सुटताना बाण प्रत्यक्षात वाकतो, दांड्याला वळसा घालून निघतो, उलट बाजूला वाकतो आणि असा लवत लवत हळूहळू स्थिर होतो. क्लॅरेन्स हिकमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने याची चित्रे घेतली. जो बाण आपल्याला सरळ गेलेला दिसतो तो जाताना लवत गेलेला असतो! म्हणून बाणाची काडी सरळ असून भागत नाही. तिचा लवचिकपणा त्या धनुष्याच्या ताणाशी जुळावा लागतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असला तर डावीकडे जातो, फार लवचिक असला तर उजवीकडे. लाकडी बाणांसाठी याचे मापही ठरलेले आहे. एकमेकांपासून 26 इंचांवर दोन आधार घेऊन त्यांवर काडी ठेवतात, मध्ये 2 पौंडांचे वजन टांगतात आणि ती किती खाली लवते ते मोजतात. 26 ला त्या इंचांनी भागले की ती काडी किती पौंडी धनुष्याची हे कळते. 50 पौंडी धनुष्याच्या काडीने सुमारे अर्धा इंच लवले पाहिजे. बाण डावीकडे जात असेल तर टोक जड करतात, म्हणजे काडी अधिक लवते; उजवीकडे जात असेल तर काडी थोडी आखूड करतात, म्हणजे ती ताठ होते. एका वेळी एकच बदल करायचा, बाण सोडून पाहायचा आणि मग पुढचा बदल करायचा.

सरळ आणि ताठ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. बाण करणारा तसे करीत नाही. त्याच्या दृष्टीने वाकडी काडी हा एक दोष आणि ताठ काडी हा दुसरा. पहिला दोष डोळ्यांना दिसतो. दुसरा बाण सुटल्यावरच कळतो, आणि तोवर तो भलतीकडे गेलेला असतो. माझे तसेच झाले होते. माझ्यात बाक नव्हता असे मी समजत होतो, कदाचित नसेलही. पण ज्या घरातून मी सुटलो होतो त्या घराच्या ताणाशी मी जुळलेला नव्हतो. माझी आई, तिचे दुःख, माझ्या वडिलांचे कमी बोलणे, आमच्या वस्तीचे दारिद्र्य, हा माझा कामठा होता. त्याला वळसा घालून जाण्याइतकी लवचिकता माझ्यात नव्हती.

आमच्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग असतो. तेथे मी हे सगळे मोठ्या आनंदाने सांगत होतो. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. तिने विचारले, "सर, पण बाण सरळ झाला तर ससा लवकर मरतो ना? मग सरळ होणे चांगले कसे?"

मी निरुत्तर झालो. प्रश्न खरा आहे. शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये असे अंगुत्तर निकायात तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे. मग उपमा बाणाची का? आठवडाभर विचार करून मी पुढच्या रविवारी त्या मुलीला उत्तर दिले. उपमा कारागिराच्या कामाची आहे, बाणाच्या जखमेची नाही. हे झाले अर्धे उत्तर. उरलेले अर्धे तिच्याच प्रश्नात होते. सरळपणा हे सामर्थ्य आहे. तेवढ्याने तो चांगुलपणा होत नाही. एकाग्र मन, शिस्त, विद्या, कडवेपणा, ही सगळी सरळ काडीची लक्षणे. ती कोठे जाऊन लागते हे करुणा ठरवते.

महाभारतातली एकलव्याची गोष्ट आपण सारे जाणतो. निषादाच्या मुलाला विद्या नाकारली गेली. त्याने ती स्वतःच्या हिमतीवर मिळविली, आणि द्रोणाने गुरुदक्षिणा म्हणून त्याचा उजवा अंगठा मागितला. द्रोणाच्या बाणात काही उणे नव्हते. उणे होते ते त्याच्या न्यायात. आपल्या लाडक्या शिष्याचा नेम सर्वांत श्रेष्ठ राहावा म्हणून त्याने दुसऱ्याचा हात अधू केला. आपल्या देशात 1985 पासून उत्तम क्रीडा-प्रशिक्षकाला द्रोणाचार्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो, आणि 1997-98 पासून आदिवासी मुलांसाठी निघालेल्या निवासी शाळांना एकलव्याचे नाव आहे. एका नावाने गौरव गुरूचा होतो, दुसऱ्या नावाने शाळा मुलांना मिळते. दोन्ही नावे एकाच गोष्टीतली आहेत, याचा विचार प्रत्येकाने करावा. मी मात्र त्या मुलीच्या प्रश्नानंतर ही गोष्ट दुसऱ्याच अंगाने वाचू लागलो आहे. आजवर मी स्वतःला नेहमी एकलव्याच्या जागी पाहत आलो होतो. पण त्या पौर्णिमेला, माझी निष्ठा चार लोकांत श्रेष्ठ ठरावी म्हणून मी आईजवळची शेवटची वस्तू हिसकावून घेतली, तेव्हा मी कोणाच्या जागी उभा होतो?

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी विद्येपेक्षा शीलाला मोठे स्थान दिले आहे आणि प्रज्ञेच्या जोडीला करुणा हवीच असा आग्रह धरला आहे. नवदीक्षित घरांत आज विद्या येत आहे, शिस्त येत आहे, अभिमानही येत आहे. या सगळ्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ही धार घरातल्याच दुबळ्या माणसावर चालू लागली तर धम्म आपल्या घरात आला असे म्हणता येणार नाही.

मिलिंदपञ्हात धनुर्धराची आणखी एक उपमा आहे. धनुर्धर बाण सरळ करण्याचे एक साधन, 'आळक', नेहमी जवळ बाळगतो. साधकाने तसे स्मृतिप्रस्थान जवळ बाळगावे. आणि धनुर्धर सकाळ-संध्याकाळ सराव करतो, तसा साधकानेही करावा. म्हणजे सरळ झालेली काडीही पावसाळ्यात ओल धरून पुन्हा वाकते, हे त्या काळच्या माणसांना ठाऊक होते. एकदा दीक्षा घेतली आणि आता कायमचे सरळ झालो, असे होत नाही. आळक जवळ हवाच, आणि तो आधी स्वतःच्या काडीला लावायचा.

म्हणून माझी आपल्याला एवढीच विनंती आहे. आपल्या घरात कोणी जुने काही धरून बसले असेल, तर ते हिसकावण्यापूर्वी त्या माणसाजवळ बसा आणि ते कोणाचे, कधीपासूनचे, हे विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ धरून ठेवा. आणि विचारताना आपला आवाज ऐका. तो निखाऱ्यासारखा आहे की जाळासारखा, हे आपल्यालाच कळेल.

टाक काही परत मिळाला नाही. कुंडलिकेला भरती-ओहोटी आहे. तो कोठे गेला असेल कोण जाणे. पण गेल्या वैशाख पौर्णिमेला आमच्या घरी वंदनेनंतर आम्ही माझ्या बहिणीची आठवण काढली. आईने तिचे नाव सांगितले. ते वडिलांनाच तेवढे ठाऊक होते. वडिलांनी वहीच्या पहिल्या पानावर ते माझ्याकडून लिहून घेतले आणि ती वही तथागतांच्या तसबिरीखाली ठेवली. त्या दिवशी वंदना म्हणताना आईचा आवाज मला बऱ्याच दिवसांनी ऐकू आला. ती एका शब्दाशी अडखळली, आणि मी तिला सुधारले नाही.

जयभीम!